डीडीएम डिटर्जंट, ५ ग्रॅमची बाटली: माल एक नंबर, पण कोकणात छोटीच घ्या

आमची लॅब रत्नागिरीत, काम यीस्टमधलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज (पेशीच्या श्वसनातलं एन्झाइम) शुद्ध करायचं. हे एन्झाइम मायटोकाँड्रियाच्या आतल्या मेम्ब्रेनमध्ये रुतून बसलेलं, पोटात दोन हीम (लोहवाले रंगीत गट) आणि तांब्याचे तीन अणू, नुसत्या बफरला (pH स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला) काही केल्या दाद देत नाही, डिटर्जंटनेच मेम्ब्रेनमधून सुटतं. आधी ट्रायटन हा दुसरा डिटर्जंट वापरायचो. स्वस्त आहे हो, पण प्रोटीन जिथे मोजतो त्याच २८० नॅनोमीटरला तो स्वतःच लाइट खातो, मग प्रोटीन किती आणि साबण किती ते कळणार कसं? डीडीएमला ही भानगडच नाही.

कामाला तोड नाही. यीस्ट लॅक्टेटवर वाढवला (ग्लुकोजवर वाढवलात तर मायटोकाँड्रिया नावापुरतेच, एक अख्खी बॅच अशी घालवलीय), काचेच्या मण्यांनी फोडला, मेम्ब्रेनला १ टक्का डीडीएम लावून तासभर बर्फात फिरवत ठेवला आणि मग निकेल कॉलम (आमच्या यीस्टच्या एन्झाइमला टॅग जोडलेला आहे, तो निकेलला चिकटतो). बर्फ मिरकरवाड्याच्या जेटीवरून आणतो, मशीनचा भरवसा नाही, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. कॉलममधून हिरवट तपकिरी थेंब पडायला लागले तेव्हा सगळे बघायला जमले! डायथायोनाइट (इलेक्ट्रॉन देणारं रसायन) टाकल्यावर ६०५ आणि ४४५ नॅनोमीटरच्या आसपास पीक, अगदी पुस्तकातल्यासारखे. कॉलम धुवायच्या बफरला ०.०२ टक्के डीडीएम पुरतो, त्यामुळे महाग असला तरी पुरवून पुरवून वापरता येतो. फक्त कॉन्सन्ट्रेटर (प्रोटीन दाट करायची गाळणी) १०० किलोडाल्टनचा घ्या, आम्ही ५० चा लावला तर मायसेल (डिटर्जंटच्या रेणूंचे गोळे) पण आतच अडकले आणि डिटर्जंट दाट होत गेला.

आता रडगाणं. पार्सल आलं भर जुलैत, साध्या बबल रॅपमध्ये, वाटेत तीन दिवस कुठेतरी पडून होतं. तरी पावडर सुटी होती, वाट लावली ती मीच, फ्रीजरमधून काढली आणि गार बाटली तशीच उघडली. पावसाळ्यात आमच्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, ही पावडर तर त्याहून हावरट, दोन आठवड्यांत चिकट ढेकूळ. वजन करताना निम्मं पाणीच मोजतोय की काय असं वाटायचं, १ टक्का खरंच १ टक्का आहे का देव जाणे. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे स्टोरेज तुमची जबाबदारी, बरोबरच आहे म्हणा, पण बाटलीत सिलिका जेलची एक पुडी टाकायला काय जात होतं?

५ पैकी ४ स्टार, एक पॅकिंगचा कापला. पुढच्या वेळी १ ग्रॅमच्या पाच बाटल्या मागवणार, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.