खोबरेल आधी, एरंडेल जपून: डोक्याला लावायच्या तेलांचं परीक्षण

डोक्याला तेल लावणं हा एकच उद्योग समजला जातो. प्रत्यक्षात ते दोन आहेत. टाळू ही जिवंत त्वचा आहे आणि ती स्वतःचं तेल स्वतः तयार करते. केसाचा बाहेर दिसणारा भाग मात्र निर्जीव. एकदा झिजला की तो आपला आपण भरून येत नाही, फक्त पुढची झीज कमी करता येते. जे तेल केसाला तारतं, तेच टाळूला नडू शकतं. म्हणून या परीक्षणात एकाच तेलाला कधी कधी दोन वेगळे शेरे मिळाले आहेत.

सुरुवात खोबरेलापासून, कारण केसासाठी त्याच्या जवळपास जाणारं दुसरं तेल नाही. केस भिजला की फुगतो आणि वाळला की आकसतो. प्रत्येक धुण्यात हे होतं. त्यात वरचे खवले उचकटतात आणि आतलं प्रथिन थोडं थोडं निघून जातं. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल हे मेदाम्ल असतं. त्याच्या रेणूची साखळी आखूड आणि सरळ, त्यामुळे ते केसाच्या आत शिरतं आणि केस फुगण्याला आळा घालतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइल (पेट्रोलियमपासून काढलेलं तेल) यांची तुलना केली होती. धुण्याआधी लावा किंवा नंतर, प्रथिनांची गळती ठळकपणे कमी केली ती एकट्या खोबरेलानं. बाकीची दोन केसाच्या वरच राहिली.

यातून वापराचा नियम आपोआप निघतो: खोबरेल न्हाण्याआधी, कोरड्या केसांना. ओल्या केसांत पाणी आधीच शिरलेलं असतं, मग तेलानं अडवायचं काय? आत मुरायलाही वेळ लागतो. अर्धा तास ठेवलं तर निदान गुंता कमी होतो, दोन-तीन तास ठेवलं तर खरा उपयोग. रंगवलेल्या किंवा सरळ करून घेतलेल्या केसांना रात्रभर ठेवायला हरकत नाही. चोवीस तासांच्या वर ठेवून मात्र काही साधत नाही, धूळ तेवढी चिकटते.

खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. थिजलेलं तेल खराब नसतं आणि न थिजणारं खोबरेल ही काही चांगली खूण नव्हे. थंडीतही पाण्यासारखं पातळ राहणारं ‘शंभर टक्के खोबरेल’ दिसलं तर लेबल पुन्हा वाचा. थिजलेल्या तेलाची बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी ठेवली की पुरे. कढईत तापवून घालण्याचं काहीच कारण नाही. गरम तेल जास्त आत जातं असं वाटतं, पण टाळू भाजते ती लगेच कळते.

खोबरेलाचा दोष सांगायचा तर तो अगदी बारीक केसांच्या माणसांना जाणवतो. थोडं जास्त झालं की केस चपटे, ओशट दिसतात. काहींचे केस उलट राठ आणि कडक लागतात. असं होत असेल तर प्रमाण निम्म्यावर आणा आणि फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावा. तरीही तसंच राहिलं तर खोबरेल सोडून बदाम तेल घ्या.

बदाम तेल हे हलकं, हातावर सहज पसरणारं आणि धुवायला सोपं. त्यात मुख्यतः ओलेइक आम्ल असतं. केसात ते खोबरेलाइतकं शिरत नाही, पण वरून गुळगुळीतपणा चांगला देतं. घोळ आहे तो बाटल्यांचा. ‘बदाम हेअर ऑइल’ असं ठळक लिहिलेल्या कित्येक बाटल्यांत यादीतलं पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे मिनरल ऑइलच, असतं आणि बदाम कुठेतरी शेवटी, सुगंधाच्या शेजारी. घटकांची यादी उतरत्या प्रमाणात लिहिलेली असते, त्यामुळे पहिली दोन नावं म्हणजेच ती बाटली. पॅराफिन विषारी नाही. केसाला चकाकी देतं, गुंताही सोडवतं. फक्त ते बदाम नव्हे आणि केसात शिरतही नाही. चकाकीच हवी असेल तर खुशाल घ्या, पण बदामाची किंमत मोजू नका.

तिळाचं तेल मधल्या फळीतलं: खोबरेलापेक्षा जड, वासाला उग्र. त्यातल्या नैसर्गिक अँटिऑक्सिडंटांमुळे ते लवकर खवट होत नाही, हा मोठा गुण. ज्यांना खोबरेलाचा वास किंवा थिजणं नको, त्यांच्यासाठी ठीक. तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र टाळूलाही लावू नये. आर्गन आणि जोजोबा ही धुतल्यानंतरची तेलं. आर्गनचे दोन-तीन थेंब तळव्यावर चोळून दमट केसांच्या टोकांना फिरवले की भुरभुर बसते. जोजोबा तर रसायनाच्या भाषेत तेल नाहीच, ते द्रवरूप मेण आहे. त्यामुळे ते फार काळ टिकतं आणि टाळूच्या स्वतःच्या स्रावाशी त्याचं थोडं साम्य आहे. दोन्ही चांगली, पण महाग. डोकं भरून चोपडण्याची ही तेलं नव्हेत.

आता एरंडेल. या तेलाची कीर्ती त्याच्या कामापेक्षा बरीच मोठी आहे. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलेइक आम्ल असतं. म्हणूनच ते इतकं दाट आणि चिवट. चमचा उलटा केला तरी तेलाची तार तुटत नाही, शेवटचा थेंब चमच्याला लोंबत राहतो. लांब केसांत हाच चिवटपणा अंगाशी येतो. एरंडेल भरपूर लावून, केस डोक्यावर गोळा करून जोरात धुतले की क्वचित कधी त्यांचा असा घट्ट गोळा होतो की तो सुटतच नाही. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत आणि शेवटी केस कापावे लागले आहेत. एरंडेलानं केस उगवतात याला भरवशाचा पुरावा नाही. लावल्यावर केस दाट दिसतात, कारण प्रत्येक केसावर जाड थर बसतो. तो धुतला की दाटपणाही गेला. वापरायचंच असेल तर एक भाग एरंडेल आणि तीन किंवा चार भाग खोबरेल किंवा बदाम तेल, त्याहून जास्त नाही. भुवयांवर नुसतं लावलं तरी चालतं, डोळ्यांत जाऊ देऊ नका.

रोझमेरीबद्दल सध्या सगळ्यात जास्त विचारलं जातं. २०१५ च्या एका चाचणीत आनुवंशिक टक्कल पडणाऱ्या १०० जणांचे दोन गट केले होते. एकाला रोझमेरी तेल, दुसऱ्याला मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्यासाठी टाळूला लावायचं औषध, २ टक्के मात्रेत. तीन महिन्यांनी कुठेच फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत थोडी वाढ दिसली आणि दोघांत लक्षणीय तफावत नव्हती. बातमी तेवढ्यावरच थांबते. पण तुलना मिनॉक्सिडिलच्या सौम्य मात्रेशी होती, काहीच न लावणारा गट नव्हता आणि माणसं थोडी होती. आशा ठेवायला जागा आहे, टक्कल भरून येईल असं समजायला नाही.

रोझमेरीचं अर्क-तेल कधीही नुसतं लावायचं नाही. ३० मिली साध्या तेलात सहा थेंब म्हणजे साधारण १ टक्का, बारा थेंब म्हणजे २ टक्के. एक मिलीत अंदाजे वीस थेंब, हा त्यामागचा हिशेब. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा. खाज किंवा लाली आली तर विषय संपला. ‘जास्त घातलं तर लवकर गुण येईल’ या हिशेबानं टाळू सोलवटून घेणारे कमी नाहीत.

टाळूचा शेरा आता एकत्र देतो, कारण इथे तेलातेलांत फारसा फरक पडत नाही. निरोगी, कोरडी टाळू असेल तर आठवड्यातून एकदा थोडं तेल चालतं. कोंडा असेल तर नाही. कोंड्यामागे मॅलसेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलावरच जगते. टाळूवरच्या तेलातून ती ओलेइक आम्ल मोकळं करते आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांची त्वचा पापुद्रे टाकते. म्हणजे ऑलिव्ह तेलासारखं ओलेइकनं भरलेलं तेल कोंड्यावर चोळणं म्हणजे आगीला हातभार. तरीही ‘तेल लावलं की कोंडा जातो’ असं ठामपणे सांगितलं जातं, आणि ते पूर्ण खोटंही नाही: तेलानं पापुद्रे ओले होऊन टाळूला चिकटतात, म्हणून दिसेनासे होतात. दोन दिवसांनी पुन्हा खांद्यावर.

ओळखायचं कसं? कोरडेपणाचे कण बारीक, पांढरे आणि सुटे असतात. कोंड्याचे पापुद्रे मोठे, पिवळट आणि तेलकट, खाली लाली आणि वर खाज. दुसऱ्या प्रकारात केटोकोनॅझोल किंवा झिंक पायरिथिऑन या बुरशीनाशकाचा शॅम्पू घ्या, फेस तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू द्या. लगेच धुतला तर औषध गटारात. तेल लावायचंच तर कानाच्या पातळीखालच्या केसांना लावा, मुळांना नको. अपवाद एकच: टाळूवर जाड खपल्या बसल्या असतील तर त्या मऊ करायला काही तास तेल लावून लगेच औषधी शॅम्पूनं धुणं योग्य. केस गोल चकत्यांनी जात असतील, टाळू दुखत असेल किंवा पू दिसत असेल तर बाटली खाली ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

प्रमाण आणि पद्धत. आखूड केसांना एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन, कमरेपर्यंत तीन. ओघळून कपाळावर आलं म्हणजे जास्त झालं. कपाळावर आणि केसांच्या कडेला येणाऱ्या बारीक पुळ्या बहुतेक वेळा त्याच्याच असतात. आधी केस बोटांनी सोडवा, मग रुंद दातांच्या कंगव्यानं. तेल तळव्यांवर चोळून आधी टोकांना, नंतर वर. मालिश पेरांनी, नखांनी नाही, आणि केस चोळायचे नाहीत. पेरं जागेवर ठेवून टाळूची कातडी हलवायची. पाच मिनिटं पुष्कळ. मालिश करताना हातात आलेले केस पाहून घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे आणि ते सुटलेलेच होते. तेल लावून घट्ट वेणी किंवा अंबाडा मात्र टाळा, ताणानं मुळं दुखावतात.

धुताना सगळ्यात जास्त चूक होते ती क्रमाची. आधी पाणी ओतलं की ते तेलावरून घरंगळून जातं आणि शॅम्पू वरवर फिरतो. तेलकट कोरड्या केसांवरच आधी थोडा शॅम्पू लावा, अगदी थोड्या पाण्यानं तो मिसळू द्या, मग कोमट पाण्यानं धुवा. दुसऱ्यांदा शॅम्पू फक्त टाळूला, त्यालाच फेस येतो. केस वाळल्यावर मुळाशी ओशट आणि टोकाला कोरडे वाटले तर तेल निघालेलं नाही. नवीन तेल लावण्याआधी तेच काढा.

घरी वनस्पती मुरवून तेल करत असाल तर त्या पूर्ण वाळलेल्या घ्या. ओली पानं किंवा कांद्याचा रस यांतलं पाणी तेलात राहतं आणि बाटलीला बुरशी धरते. भांडं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि गार झाल्यावर दोनदा गाळा.

तेल गडद काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या जागी ठेवावं; न्हाणीघरातल्या दमट फळीवर नको. खवट तेलाला जुन्या रंगासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास येतो. वर अत्तराचा वास असेल तर तो लपतो, म्हणून थेंबभर तळव्यावर चोळून गरम झाल्यावर हुंगा. झाकणाभोवती साचलेला चिकट पिवळा थरही पुसत जा. तेल तिथेच आधी बिघडतं आणि पुढच्या वेळी बाटली तिरपी केली की पहिला थेंब त्याच थरावरून खाली येतो.