जळण फोडायला लोहाराकडची जाड कुऱ्हाड: सगळे ऋतू वापरल्यावरचा अनुभव

आमची खानावळ आहे, मटणाचा रस्सा अजून चुलीवरच करतो आणि घरात पाणी तापवायला बंब पण चालू आहे, त्यामुळं जळण रोजचं लागतंय. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, वखारीत जे असेल ते येतंय आणि ओंडके फोडायचं काम घरातच. गेल्या पावसाळ्याच्या आधी लोहाराकडनं खास फोडायची कुऱ्हाड करून घेतली, आता परत पावसाळा तोंडावर आलाय, म्हणजे ओली हवा, थंडी, कडक ऊन सगळ्यात ती वापरून झालीय म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, झाड तोडायची कुऱ्हाड वेगळी आणि जळण फोडायची वेगळी. बाजारात बहुतेक ठिकाणी कुऱ्हाड मागितली की तोडायचीच हातात देतात, पातळ पात्याची. ती लाकडाच्या रेषा आडव्या कापायला केलेली असती, उभ्या ओंडक्यावर मारली की आत घुसती आणि तिथंच अडकून बसती, मग ओंडक्यासकट उचलून आपटत बसायचं. कमरेची वाट लागते ती मारण्यानं नाही, या सोडवण्यानं. फोडायच्या कुऱ्हाडीला धारेच्या मागं लगेच गाल, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू, फुगलेले पाहिजेत, धारेचा कोन साधारण ३० अंशाच्या वर, म्हणजे पातं आत गेलं की पाचरीसारखं लाकूड दोन्हीकडं ढकलतंय. कापायचं नाहीच आहे, रेषेत उलगडायचंय. त्यामुळं वस्तऱ्यासारख्या धारेच्या मागं लागू नका, दुकानात अंगठा फिरवून धार बघण्यापेक्षा पातं वरनं बघा किती जाड होत जातंय ते.

वजन. मी डोकं, म्हणजे दांडा सोडून लोखंडाचा भाग, २ किलोचं करून घेतलं. आमच्या इथं बरेच जण म्हणाले ३-४ किलोचं घे, एका घावात काम. पण जोर वजनाइतकाच वाढतो आणि वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे जड कुऱ्हाड सावकाश पडण्यापेक्षा मध्यम वजनाची जोरात फिरली तर जास्त फोडती, आणि अर्ध्या तासानं पण हात तसाच चालतो. बारीक चणीच्या माणसानं दीड किलोच्या आसपास घ्यावी. दांडा ३२ इंची आहे, उंच माणसाला ३६ पण चालेल, आखूड दांड्याची मात्र घेऊ नका, घाव हुकला तर आखूड दांड्याची कुऱ्हाड सरळ नडगीकडं येती, लांब असली की जमिनीत जाती.

आता दांडा, कारण खरं सगळं यातच आहे. धामणीचा बसवलाय. धामण चिवट असते, घावाचा हादरा गिळती, मनगटाला झिणझिण्या येत नाहीत. दांडा घेताना रेषा बघायच्या, वरनं खालपर्यंत सरळ पळाल्या पाहिजेत, मध्येच बाजूला निघून गेल्या असतील तर तिथंच तो कधीतरी चिरणार. आणि रंग दिलेला, वार्निश मारलेला दांडा घेऊच नये, खाली काय आहे दिसत नाही आणि तळहाताला फोड येतात. मी नुसतं जवसाचं तेल चोळतो, चांगला गुळगुळीत झालाय.

दांडा बसतो ते भोक लोहाराला लांबट करायला सांगितलं. गोल भोकात गोल दांडा असला की पातं फिरतंय, आणि हाताला पण कळत नाही धार कुठं तोंड करून आहे. लांबट असलं की अंधारात पण कळतंय.

पावसाळ्यात काहीच त्रास नव्हता, हवा दमट, लाकूड फुगून घट्ट बसलेलं. शिमग्यानंतर ऊन वाढलं तसं डोकं किंचित हलायला लागलं, मारताना टक् असा वेगळाच आवाज यायचा. लोकं अशा वेळी कुऱ्हाड रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात, तात्पुरती घट्ट होती खरी पण वाळल्यावर पहिल्यापेक्षा ढिली. मी वरनं दांड्याच्या टोकात लाकडाची नवीन पाचर ठोकली, त्यानंतर हललेली नाही. मारायच्या आधी रोज डोकं हलवून बघतो, सुटून उडालं तर समोरच्याचं काही खरं नाही.

धारेला गाडीच्या पाट्याचं पोलाद आहे, बाकी अंग साध्या लोखंडाचं. बाभळीच्या वाळक्या गाठींवर पण धार मोडली नाही, थोडी बोथट झाली ती कानशीनं सारखी केली. ग्राइंडरवर धरू नका, जोरात दाबून धरलं आणि धार निळी पडली की लोहारानं दिलेलं पाणी, म्हणजे धारेचा कडकपणा, गेला, मग परत शेवटून, म्हणजे भट्टीत तापवून धार करून, घेण्याशिवाय इलाज नाही. आणि मागच्या बाजूनं छिन्नी किंवा लोखंडी पाचर ठोकू नका, मागची बाजू पसरते, भोक वाकडं होतं, त्याला घणच पाहिजे.

फोडण्याबद्दल एवढंच, निलगिरी ओली असतानाच फोडा. वाळली की तिच्या पिळाच्या रेषा अशा घट्ट धरतात की ही कुऱ्हाड पण उसळून येती. ओली फोडून रचून ठेवली की लवकर वाळती पण, आणि धूर कमी. मोठ्या ओंडक्याला मध्यभागी घाव घालत बसू नका, कडेकडेनं ढलप्या काढत आत या, वाळताना पडलेली चीर असेल तर तिच्याच रेषेत मारा. गाठ खालच्या बाजूला ठेवायची. ओंडका गुडघ्याएवढ्या बुंध्यावर ठेवायचा आणि बुंध्यावर जुना टायर, फुटलेले तुकडे आतच राहतात, सारखं वाकायला लागत नाही. हे टायरचं प्रत्येकानं कराच. डोळ्याला चष्मा पण.

फायबरच्या दांड्याची पण वापरून बघितलीय पाहुण्यांकडं. हवेचा परिणाम नाही, हलकी, घाव चुकून दांड्यावर बसला तरी सहज तुटत नाही, चांगलीच आहे. पण तुटलाच तर बऱ्याच मॉडेलला दांडा बदलता येत नाही, आख्खी कुऱ्हाड जाते. लाकडी दांडा घरात बदलता येतो, माझ्यासाठी तिथंच विषय संपला.

पैसे हार्डवेअरच्या दुकानातल्यापेक्षा जास्त गेले, आणि लोहाराकडं थांबायला पण लागलं. नुसत्या बंबापुरतं बारीक जळण लागत असेल तर एवढं कशाला, साधी पण चालेल. ज्याला रोज बाभूळ फोडायचीय त्यानं मात्र हीच करून घ्यावी, आणि धामणीचा दांडा उन्हाळ्यातच बघून सावलीत वाळत ठेवावा, ओला दांडा बसवला की महिन्याभरात ढिला पडतोय.