लॉगिन केल्यावर येणारी अपडेटची सूचना: बिलिंगच्या टेबलावरून

आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर एकूण कसं आहे, यावर पुन्हा कधीतरी लिहीन. आज फक्त त्यातल्या एका खिडकीबद्दल. पासवर्ड टाकून आत शिरलं की समोर येते आणि 'या आठवड्यात काय बदललं' ते सांगते, ती खिडकी. कंपनीने ती नुकतीच नव्याने केली आहे. मी बिलिंग विभाग सांभाळते. सकाळी लॉगिन करेपर्यंत फोन सुरू झालेले असतात, त्यामुळे त्या खिडकीत लिहिलेलं आमच्या माणसांच्या डोक्यात शिरतं की नाही, यावर पुढची कित्येक बिलं बरोबर होणार की दुरुस्त करत बसावी लागणार हे ठरतं.

जुनी खिडकी वाचण्यासारखी नव्हतीच. वर मोठ्या अक्षरात व्हर्जन नंबर आणि खाली 'कामगिरीत सुधारणा, काही दोष दुरुस्त' असलं काहीतरी. क्रेडिट नोटची (झालेल्या बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाची) नंबर-मालिका बदलली तेव्हा तो बदल त्या यादीत पार खाली, छोट्या अक्षरात होता. आम्हाला कळलं ते ग्राहकांचे हिशोब जुळेनात तेव्हा.

आता काय येतं पाहा: 'क्रेडिट नोट करताना मूळ बिलाचा नंबर टाकणं सोमवारपासून सक्तीचं. नंबर नसेल तर नोट सेव्ह होणार नाही.' सोबत त्या पानाचं चित्र, बदललेल्या चौकटीवर बाण, आणि खाली 'समजलं' व 'नंतर दाखवा' अशी दोन बटणं. संपलं. लिहिणाऱ्याने आमच्या कामाचे शब्द वापरलेत आणि बदल लागू व्हायच्या आधी सांगितलंय, म्हणजे शंका विचारायला वेळ मिळतो. गोडाऊनमधल्या लोकांना ही सूचना दिसतच नाही, कारण क्रेडिट नोट करायचा अधिकार त्यांना नाही. त्यांना स्टॉकच्या सूचना दिसतात.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली सुधारणा डोळ्यांना दिसत नाही. काउंटरचा कॉम्प्युटर दोन पाळ्यांत वेगवेगळी माणसं वापरतात. पूर्वी 'पुन्हा दाखवू नका' ही खूण ब्राउझरमध्ये साठत होती. सकाळच्या मुलीने खिडकी बंद केली की संध्याकाळच्या मुलाला ती कधी दिसायचीच नाही, मग त्याने स्वतःच्या नावाने लॉगिन केलं तरीही. उलट कोणी ब्राउझर साफ केला की जुन्या सगळ्या सूचना पुन्हा हजर. आता ती खूण सर्व्हरवर, ज्याच्या त्याच्या खात्याला जोडलेली असते. कोणत्याही मशीनवर बसा, न वाचलेलं समोर येतं, वाचलेलं येत नाही. सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याला हा एक प्रश्न जरूर विचारा: वाचल्याची नोंद मशीनवर राहते की माणसाच्या नावावर?

आमच्यातला एक सहकारी दृष्टिहीन आहे आणि एनव्हीडीए हा स्क्रीन-रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्राम, वापरतो. जुनी खिडकी उघडली तरी त्याला मागचंच पान ऐकू यायचं, आणि काही चालत का नाही हे कळायचं नाही. नवी खिडकी आली की आधी तिचं शीर्षक वाचलं जातं, आणि एस्केप दाबल्यावर तो बरोबर आपल्या जागी परत येतो. कीबोर्डने जिथे शिरता येतं तिथून कीबोर्डनेच बाहेर पडता आलं पाहिजे, ही अट दिव्यांगांनाही वेब वापरता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या मार्गदर्शक तत्त्वांत २००८ पासून लिहिलेली आहे. उशिरा का होईना, पाळली हे चांगलं झालं.

आता तक्रारी. खिडकी कधीकधी मुख्य पान उघडल्यावर क्षणभराने येते. आमची एन्ट्री करणारी माणसं माउसला हात लावत नाहीत. तोवर त्यांनी ग्राहकाचं नाव टाकून एंटर दाबलेलं असतं. तो एंटर जाऊन पडतो 'समजलं'वर, आणि एक अक्षर न वाचता सूचना वाचल्याची नोंद होते. ॲडमिनच्या पानावर 'कोणी वाचलं' अशी यादी मिळते, पण या कारणाने मी तिच्यावर विसंबत नाही. नियमच बदलणार असेल तर सकाळी सगळ्यांना तोंडी सांगते. खिडकी मुख्य पानाच्या आधी यावी, नाहीतर हातातली एन्ट्री सेव्ह होईपर्यंत थांबावी.

दुसरं, सूचनेला मुदत नाही. रजेवरून परत आलेल्या माणसाला 'रविवारी रात्री सर्व्हर बंद राहील' हे तो रविवार उलटून गेल्यावर वाचावं लागतं. मी आधी जिथे होते तिथे सॅप हे मोठ्या कंपन्यांत चालणारं सॉफ्टवेअर होतं. त्यात एसएम०२ या कोडने ॲडमिन सर्वांना संदेश टाकायचा आणि तो कधी संपणार ती तारीख-वेळ तिथेच भरायचा. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवर तर लॉगिन होताच 'मेसेज ऑफ द डे' दाखवायची पद्धत फार जुनी आहे, आणि तो नको असणाऱ्यासाठी हशलॉगिन नावाची रिकामी फाइल ठेवायची सोयही आहे. इतकं सगळं आधीच सुचलेलं असताना नव्या खिडकीत मुदतीचा रकाना नसावा, याचं वाईट वाटतं.

अपडेटची वेळही सांभाळायला हवी. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून सुरक्षा-अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देतं. दिवस ठाऊक असल्यामुळे आयटीवाले तयारीत असतात. आमच्याकडे बदल नेमका महिनाअखेरीस येतो, जेव्हा हिशोब बंद करायची घाई असते आणि प्रत्येक जण 'नंतर दाखवा' दाबतो.

आणि एक गोष्ट मला अजिबात मान्य नाही. मध्यंतरी याच खिडकीत, याच रंगात, एका जादा पैशांच्या मॉड्यूलची जाहिरात आली. त्यानंतर माझ्याच टेबलावरची दोन माणसं 'असेल काहीतरी विकायचं' म्हणत खिडकी न वाचता बंद करू लागली. लोकांनी इथे थांबून वाचावं ही सवय लागायला वेळ गेला होता. मी लेखी कळवलं. जाहिरात काढली आहे, पुन्हा येणार नाही असं मात्र कोणी म्हटलेलं नाही.

वाचलेल्या सूचना वरच्या घंटीच्या चिन्हाखाली सापडतात, तारखेच्या क्रमाने. शब्द टाकून शोधता येत नाही. ज्यांच्याकडे हेच सॉफ्टवेअर आहे आणि तरीही सगळ्यांना सगळ्याच सूचना दिसतात, त्यांनी ॲडमिनला युजरच्या अधिकारांचं पान उघडायला सांगा. कामानुसार सूचना दाखवायची टिक तिथे आहे, आणि ती सुरुवातीला बंद असते.