मागून आणलेला टॅबलेट परत देताना: फोटो पुसायचे, अकाउंट काढायचं की सरळ रीसेट?

आत्याचा टॅबलेट मुलाच्या ऑनलाइन क्लाससाठी आणला, घरात सगळ्यांनीच वापरला, आणि आता तो परत द्यायचाय. त्यातले आपले फोटो काढायच्या वाटा तीन: हाताने पुसणं, आपलं अकाउंट काढणं, नाहीतर फॅक्टरी रीसेट, म्हणजे टॅबलेट नव्यासारखा कोरा करणं. बहुतेक जण "रीसेट मारला की मिटलं" म्हणतात. मला ते पटत नाही. आधी सेटिंग्ज उघडा आणि टॅबलेटमध्ये अकाउंट कुणाचं आहे ते बघा, कारण निवड त्यावरच ठरते.

समजा अकाउंट आत्याचंच आहे, तुम्ही स्वतःचं कधी घातलंच नाही. मग गणपतीत काढलेले तुमचे सगळे फोटो कदाचित आधीच तिच्या गूगल फोटोजमध्ये जाऊन बसलेत. बॅकअप चालू असेल तर टॅबलेटच्या कॅमेऱ्याने काढलेला प्रत्येक फोटो तिच्या क्लाउडमध्ये जातो आणि बोरिवलीत बसून ती तो स्वतःच्या मोबाइलवर बघू शकते. इथे रीसेट अगदीच कुचकामी. टॅबलेट कोरा होईल, पण क्लाउडमधली प्रत तशीच राहील. तेव्हा रीसेटच्या आधी, तिचं अकाउंट चालू असतानाच, गूगल फोटोजमध्ये आपले फोटो निवडून पुसायचे, म्हणजे ते दोन्हीकडून जातात. त्याआधी हवे असलेले फोटो आपल्या मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. पुसल्यावर ट्रॅशही बघावा लागतो, कारण बॅकअप झालेले फोटो तिथे 60 दिवस पडून असतात. मात्र "ट्रॅश रिकामा करा" हे बटण दाबू नका. त्यात आत्याने चुकून पुसलेलं काही असेल तर तेही जाईल. आपले तेवढे निवडून कायमचे काढा.

आयपॅड असेल तर हाच प्रकार आयक्लाउडचा. मालकाचं अकाउंट आणि आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयपॅडवर पुसलेला फोटो त्यांच्या सगळ्या उपकरणांवरून जातो, पण "अलीकडे हटवलेले" या अल्बममध्ये साधारण 30 दिवस राहतो. तिथूनही काढायला विसरू नका.

आता उलट बाजू: टॅबलेटमध्ये तुमचं अकाउंट आहे. इथे हाताने पुसणं सगळ्यात धोक्याचं. गूगल फोटोज उघडून भराभर फोटो पुसले, तर बॅकअप झालेले फोटो क्लाउडमधून आणि तुमच्या मोबाइलवरच्या गूगल फोटोजमधूनही जातात. ते ट्रॅशमध्ये सापडतात हे खरं, पण तेवढं आठवायला हवं. म्हणून इथे क्रम महत्त्वाचा. आधी आपल्या मोबाइलवर बघून बॅकअप पूर्ण झालाय याची खात्री करा. मग टॅबलेटमधून अकाउंट काढा. उरलेले फोटो त्यानंतर पुसा. अकाउंट निघाल्यावर टॅबलेटमध्ये काहीही पुसलं तरी तुमच्या क्लाउडला धक्का लागत नाही.

नुसतं अकाउंट काढून थांबणारे पुष्कळ असतात. त्याने फक्त दोर कापला जातो. कॅमेऱ्याने काढलेले फोटो टॅबलेटमध्येच राहतात, शिवाय स्क्रीनशॉट, डाउनलोड आणि व्हॉट्सअ‍ॅपचे फोल्डर. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तर पाठवलेल्या फोटोंचा "सेंट" फोल्डर वेगळा असतो, तो गॅलरीत दिसतोच असं नाही. फाइल मॅनेजर उघडून तिथवर जावं लागतं. मेमरी कार्ड असेल तर तेही तपासा. कार्डावरून पुसलेले फोटो रिकव्हरीच्या साध्या सॉफ्टवेअरनेही परत मिळू शकतात, त्यामुळे कार्ड तुमचं असेल तर सरळ काढून घ्या.

रीसेटचं बळ मान्यच करायला हवं. अलीकडच्या अँड्रॉइड टॅबलेटमध्ये आणि आयपॅडमध्ये डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो. रीसेटने त्याची किल्लीच नष्ट होते, म्हणून टॅबलेटमधले फोटो परत काढणं जवळपास अशक्य होतं. (कार्ड मात्र रीसेटमध्ये सहसा पुसलं जात नाही.) पण टॅबलेट तुमचा नाही. त्यात आत्याची भजनं, विम्याचे पीडीएफ, नातवाचे व्हिडिओ असू शकतात आणि त्यांचा बॅकअप आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नसतं. शिवाय कुलपाचा प्रश्न आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज सोडून बटणं दाबून रीसेट मारला, तर चालू होताना टॅबलेट आधीचं अकाउंट किंवा स्क्रीन लॉक मागतो. आयपॅडमध्ये "फाइंड माय" ही हरवलेलं उपकरण शोधायची सोय चालू असेल तर मालकाच्या पासवर्डशिवाय गाडी पुढे जात नाही. म्हणजे रीसेट करायचाच असेल तर तो मालकाच्या घरी, मालक शेजारी, वायफाय हाताशी असताना. मुंबईत आपण वस्तू देतो दादरच्या पुलावर पाच मिनिटांत, नाहीतर "वॉचमनकडे ठेवून जा" म्हणतो. अशा देवाणघेवाणीत रीसेट बसत नाही. आणि कुणी "लॅमिंग्टन रोडला नेऊन फॉरमॅट मारून घे" म्हटलं तर ऐकू नका. दुकानदार जे करणार ते सेटिंग्जमध्ये आहेच, उगाच फोटो तिसऱ्याच्या हातात कशाला द्यायचे?

माझा कौल असा: अकाउंट तुमचं असेल तर अकाउंट काढून मग हाताने सफाई, अकाउंट मालकाचं असेल तर त्यांच्या गूगल फोटोजमधून किंवा आयक्लाउडमधून निवडून पुसणं, आणि रीसेट फक्त मालक स्वतः म्हणाले तर. मेडिकल रिपोर्टचे, आधारकार्डाचे किंवा कुणाला दिसूच नयेत असे फोटो त्यात असतील, तर मात्र बॅकअप घेऊन रीसेट करूया का, हे तुम्हीच मालकाला विचारा. कारण सांगायची गरज नाही.

पुढच्या वेळी टॅबलेट मागून आणाल तेव्हा पहिल्याच दिवशी अँड्रॉइडमध्ये वेगळा युजर करून मागा. बऱ्याच टॅबलेटमध्ये ती सोय असते. परत देताना तो युजर काढला की त्यातला तुमचा डेटा टॅबलेटमधून जातो आणि आत्याच्या भजनांना हातही लागत नाही. आयपॅडमध्ये घरगुती वापरासाठी असा वेगळा युजर करता येत नाही.

टॅबलेट हातातून गेल्यावरही आपल्या मोबाइलवर दोन ठिकाणी नजर टाका: व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक केलेल्या डिव्हाइसेसची यादी आणि गूगल अकाउंटमधली डिव्हाइसेसची यादी. टॅबलेट तिथे अजून दिसत असेल तर तिथूनच साइन आउट करता येतं.