महापालिकेच्या केंद्रातलं लसीकरण: दीड वर्षाचा अनुभव

मुलीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर परवा झाला. आता पाच वर्षांची होईपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा डोस, बाकी मोठं काही नाही. नवी मुंबईतल्या आमच्या नोडमध्ये (वसाहतीत) नवीन आईबाप झालेलं कोणीतरी अधूनमधून विचारतंच, "सरकारी लस चालते का हो?" चालते. मी तर म्हणेन, आधी तिथेच जा, मग उरलेल्यासाठी खासगीत.

दीड महिन्याची लस सगळ्यात जड जाते, कारण त्या दिवशी बरंच काही एकदम असतं. एका मांडीत पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), दुसरीत न्यूमोकोकल (न्यूमोनियाची), दंडाच्या कातडीत पोलिओचं बारीकसं इंजेक्शन, शिवाय तोंडावाटे पोलिओचे थेंब आणि रोटा (जुलाबाच्या विषाणूवरची). माझ्या सासूबाई तर "एवढं एकाच दिवशी?" म्हणून सिस्टरशी वादच घालायला निघाल्या होत्या. अडीच महिन्यांना त्या मानाने सुटका, टोचणी एकच. साडेतीन महिन्यांना पुन्हा तीन. न्यूमोकोकल खासगीत घेतली तर एका डोसला काही हजार जातात. आपल्याकडे ती 2021 पासून सरकारी वेळापत्रकात फुकट आहे, हे अनेकांना अजून ठाऊक नसतं.

पेंटाच्या रात्री ताप आला, मांडी कडक झाली, घर जागं राहिलं. शेजारणीने लगेच खासगीतली 'पेनलेस' सुचवली. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं ते असं: सरकारी पेंटात डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात, म्हणून ताप जास्त, पेनलेसमध्ये त्यांचे निवडक भाग असतात, म्हणून त्रास कमी. पण संरक्षणात महागडी लस सरस नाही. एका रात्रीच्या झोपेसाठी तेवढे पैसे मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही पॅरासिटामॉलचे थेंब डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे दिले आणि निभावलं.

वैताग आला तो नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या लसीला. गोवर-रुबेलाची कुपी एकदा द्रावणात मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकायची. बीसीजीचंही तसंच. त्यामुळे मुलं जमेपर्यंत थांबवतात. अर्धी रजा टाकून आलेल्या बाईला ते कारण पटतं, पण घड्याळाला पटत नाही. तेव्हापासून मी आशाताईंना आदल्या दिवशी फोन करते: सत्र उद्याच आहे ना, लस आली आहे ना, किती वाजता गर्दी कमी? आणि सकाळीच जाते. यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) नाव नोंदवलेलं असलं तरी हा फोन चुकवत नाही. प्रमाणपत्र मोबाइलवर मिळतं ही सोय मात्र खरी. तरी माता-बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा. सिस्टर आजही आधी तेच मागतात.

तिथे गेल्यावर कुपीच्या लेबलवरचं वर्तुळ बघून घ्या. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असला पाहिजे. तो वर्तुळाइतका किंवा जास्त गडद झाला, तर त्या कुपीला नको तेवढी उष्णता लागलेली असते, ती वापरायची नाही. मी विचारलं तेव्हा सिस्टरनी न चिडता कुपी हातात दिली. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, तोही टाळू नका.

मोठ्यांचं काय? माझ्या अनुभवात सरकारी यंत्रणा मोठ्या माणसाला दोनच वेळी लस देते: बाई गरोदर असली की आणि कुत्रा चावला की. गरोदरपणात मला टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मिळाली, कटकट शून्य. बाबांना फिरायला गेले असताना भटक्या कुत्र्याने पोटरीला चावा घेतला, रक्त आलं. पालिकेच्या रुग्णालयात पहिला प्रश्न होता, जखम साबणाने पंधरा मिनिटं धुतलीत का? रक्त आलेलं असल्याने जखमेत रेबीजचं सीरम (तयार प्रतिपिंडं) आणि दोन्ही दंडांच्या कातडीत लस. मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा. पैसे काही नाहीत. पण बाबांच्या मधुमेहामुळे त्यांना फ्लूची लस हवी होती, ती आम्ही खासगीतच घेतली.

मुलीसाठीही खासगीत काही गोष्टी उरतातच. सरकारी वेळापत्रकात गालगुंड, कांजिण्या, हिपॅटायटिस ए नाहीत. टायफॉइडचं मात्र आपल्या शहराने कौतुक करण्यासारखं केलं होतं. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये टायफॉइडच्या कॉन्ज्युगेट (जंतूचा भाग प्रथिनाला जोडून केलेल्या) लसीची मोहीम काढली, देशात सार्वजनिक पातळीवरची पहिलीच, आणि नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या लाखाहून जास्त मुलांना ती दिली. माझ्या भाचीला त्यातच मिळाली. आमची तेव्हा जन्मलीच नव्हती, त्यामुळे आम्ही ती विकत घेतली. कांजिण्यांची पहिलीही घेतली, हिपॅटायटिस ए पुढच्या महिन्यात आहे.