ऑपरेशनशिवाय वजन उतरवण्याच्या नावाखाली माझे ७२ हजार गेले

गेल्या दिवाळीनंतर माझं वजन ९८ किलो होतं. उंची पाच फूट दोन इंच, नऊ वर्षांची शुगर, जिना चढताना गुडघे बोलायचे. तीन वेळा वजन उतरवून तिन्ही वेळा ते परत वाढलं होतं. शेवटी आमच्या डॉक्टरांनी वजन उतरवायची ऑपरेशनं करणाऱ्या बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनकडे पाठवलं. त्यांनी स्लीव्हचं ऑपरेशन समजावलं. जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढतात. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः तिथेच बनतं, म्हणून भूकही कमी होते. पुढे जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि प्रोटीनकडे लक्ष. खर्च साडेतीन लाख.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, चांगलं पोट कापून कशाला टाकायचं?" भीती मलाही होतीच. त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली : ऑपरेशनशिवाय ऑपरेशनचा गुण.

सेंटर कर्वे रोडलगत, दुसऱ्या मजल्यावर. पांढरा कोट घातलेली मुलगी, टेबलावर दोन उंदरांचा फोटो, एक जाडा, एक बारीक. "ताई, ऑपरेशनने वजन का उतरतं? पोट लहान होतं म्हणून नाही, आतले बॅक्टेरिया बदलतात म्हणून. आम्ही तेच बॅक्टेरिया पावडरीतून देतो." त्या मुलीचं सगळंच खोटं नव्हतं, म्हणून मी अडकले.

उंदरांचं संशोधन खरं आहे, हे मी नंतर वाचलं. २०१३ मध्ये अमेरिकेत गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवायचं ऑपरेशन) केलेल्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दुसऱ्या उंदरांमध्ये सोडले, तर त्यांचं वजन ऑपरेशनशिवाय उतरलं. पण ते दुसरे उंदीर जन्मापासून जंतुविरहित पेटीत वाढवलेले होते, त्यांच्या पोटात आधी एकही जिवाणू नव्हता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात एक जाड आणि एक बारीक अशा जुळ्या बहिणींचे जिवाणू उंदरांना दिले. बारीक बहिणीचे जिवाणू जाड उंदरांत रुजले, पण कमी चरबीचं, भाज्या-फळांचं खाणं दिलं तेव्हाच. आणि माणसात ऑपरेशनचा गुण एकट्या जिवाणूंमुळे येत नाही. भुकेची आणि शुगरची हार्मोन्स बदलतात, खाणं निम्म्याहून कमी होतं. यातलं काहीच त्या टेबलावर कोणी सांगितलं नाही.

पॅकेज ७२ हजारांचं : शौचाची तपासणी, सहा महिन्यांची पाकिटं, आहारतज्ज्ञ. "एकदम भरायची गरज नाही ताई, महिना सहा हजार, व्याज शून्य." माझा फोन घेतला, आधार-पॅन टाकलं, आलेला ओटीपी मी स्वतः वाचून दाखवला. मी पतसंस्थेत काम करते, लोकांची कर्जप्रकरणं माझ्या हाताखालून जातात. तरी हे हप्ते म्हणजे माझ्या नावावरचं बारा महिन्यांचं कर्ज आहे, पैसे सेंटरला त्याच दिवशी पोचले आणि मी पावडर घेवो न घेवो, हप्ता कापला जाणार, हे मला पहिला हप्ता गेल्यावर उमगलं. अशा कर्जातून दंड न भरता बाहेर पडायला सुरुवातीचे मोजके दिवस मिळतात. मला ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तपासणीचा रिपोर्ट बत्तीस पानी, रंगीत. मी माळकरी आहे, जन्मात मासा खाल्लेला नाही. रिपोर्टात लिहिलं होतं, मांसाहार आठवड्यातून दोनदावर आणा. छापील सल्ला असेल म्हणून मी पान उलटलं.

आहार असा : सकाळी ताकात पाकीट, दुपारी वाटीभर मुगाचं कढण, संध्याकाळी अर्धं सफरचंद, रात्री दुधीचं सूप. पाच आठवड्यांत सात किलो उतरले. सेंटरवाले म्हणाले, बघा, बॅक्टेरिया बसले. डॉक्टरांनी नंतर हिशोब केला तर दिवसाला जेमतेम सातशे कॅलरी भरल्या. तेवढ्यावर पावडरीशिवायही सात किलो उतरले असते. तिसऱ्या आठवड्यात सेंटरवाल्यांनी शुगरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, "गोळ्यांनी बॅक्टेरिया बिघडतात." माझी शुगरची गोळी मेटफॉर्मिन, तिने आतड्यातले जिवाणू बदलतात हेही खरंच आहे, पण म्हणून ती बंद करायची असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. मी बंद केली. पुढे केस गळायला लागले, चक्कर यायची, उपासमार सोसेना म्हणून मी भाकरीवर आले. गोळ्या बंदच होत्या. उपाशीपोटीची शुगर २८६ आली.

तोवर माझं बघून धाकट्या जावेनेही तपासणी केली होती, घरातल्या दुसऱ्या माणसाला निम्मे पैसे म्हणून. ती चिंचवडला राहते, माहेर रत्नागिरीचं, रोज मासे लागतात, वजन ५२ किलो. गुढीपाडव्याला ती आली. जेवणं उरकल्यावर आम्ही दोघींनी रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. पान नऊवर जिवाणूंचा तक्ता. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली, मी माझ्यावर पेन्सिलने खुणा करत गेले. पहिला आकडा तोच. दुसरा तोच. सातव्या ओळीला तिने वाचणं थांबवलं आणि म्हणाली, "ताई, हा तुमचाच कागद आहे." खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात माझा नोंदणी क्रमांक तसाच राहिला होता. सख्ख्या जुळ्यांचेसुद्धा जिवाणू असे दशांशापर्यंत जुळत नाहीत.

सेंटरमध्ये उत्तर मिळालं, "एका घरातलं जेवण असतं ना, म्हणून." ती चिंचवडला, मी धायरीला, म्हणे एक घर! परतावा मागितला तर करारातलं "रक्कम परत मिळणार नाही" हे वाक्य पुढे केलं. ते वाक्य छापलेलं असलं तरी ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा आयोगात. शिवाय अन्न व औषध प्रशासनाकडे पाकिटं दिली. पाकिटावर चौदा आकडी अन्न परवाना होता, आणि तळाशी "औषधी वापरासाठी नाही". म्हणजे मला आजारावरचा उपाय म्हणून जे विकलं, ते कागदोपत्री अन्न होतं. जिवंत जिवाणू किती, हे कुठेच नव्हतं. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज हा १९५४ चा कायदा आहे, त्यात कोणत्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायची नाही याची यादी आहे. लठ्ठपणा त्यात आहे, मधुमेहही आहे.

राग मला पैशांपेक्षा गोळ्यांचा जास्त येतो. जिवाणूंचा अभ्यास ही पुण्यातली मोठी गोष्ट आहे. गणेशखिंडला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती जिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह सांभाळते. माणसं तिथे वर्षानुवर्षं खपतात, आणि त्याच शहरात त्याच शब्दांवर दुकान चालतं.

आता गोळ्या परत चालू आहेत, उपाशीपोटीची शुगर १३० वर आली आहे. सर्जनकडे पुन्हा गेले. त्यांनी आधी तीन महिने आहारतज्ज्ञाकडे धाडलंय, बी१२ आणि लोह तपासलंय, ऑपरेशनचं त्यानंतर बघू म्हणालेत. हप्ते चालूच आहेत, पाच बाकी.

माझ्या पान नऊवरच्या पहिल्या तीन ओळी देते : प्रिव्होटेला ३४.१७, बॅक्टेरॉइड्स १८.६२, फिकॅलिबॅक्टेरियम ६.०४. तुमच्याकडे किंवा ओळखीत कोणाकडे असा बत्तीस पानी रंगीत रिपोर्ट असेल, तर तेवढं पान काढून आकडे जुळवून बघा. जुळले तर रिपोर्ट, पाकिटं आणि कर्जाचे कागद जपून ठेवा आणि मला कळवा. आयोगातली पुढची तारीख महिनाभरावर आहे.