नगरपरिषदेचं अंदाजपत्रक, किंमत 138 रुपये, पाचपैकी अडीच स्टार

नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही, सोलापूर जिल्ह्यातलीच आहे एवढं बास. तिथं वडिलांचं घर आहे, आई राहती, आणि मी इकडं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. सध्या ऑर्डरी नाहीत, सहा दिवस चालायचं ते चारवर आलंय, हप्ता, म्हणजे आठवड्याचा पगार, पण तसाच, त्यामुळं घरपट्टीचं बिल आल्यावर पहिलं काय बघितलं तर वाढली का. नाही वाढली, 2,340 च. करवाढ नसलेलं बजेट म्हणून पेपरात पण आलं होतं. म्हटलं एकदा आतनं बघू तरी.

खरं तर माहिती अधिकाराच्या कलम 4 प्रमाणं हे न मागताच वेबसाईटवर टाकायला पाहिजे, पण तिथं तीन वर्षं जुनं पडलंय. मग 10 रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकला, पानाला 2 रुपये, पानं 64. क्लार्क माणूस चांगला, हसत म्हणाला, "पावणं, हे नेऊन करता काय, रद्दीवाला पण घेत नाही ओ." झेरॉक्स मात्र बेकार. गेल्या वर्षीची प्रत्यक्ष जमा हा कॉलम सगळ्या पानांवर निम्मा कापलेला, आणि बघायचा तर नेमका तोच असतोय. परत काढून मागितली, दिली बिचाऱ्यानं, जादा पैसे घेतले नाहीत.

आता आतला माल. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजार फी, संपलं. नगरपरिषदांची जकात 1999 लाच गेली, तेव्हापासून पगार सरकारच्या सहाय्यक अनुदानावर. 15 व्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडनं 2021 ते 2026 साठी ठरलेले, पैसे दिसतात मोठे पण त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, त्यातनं खांबावरचा बल्ब घेता येत नाही. म्हणजे आकडा कोटीत आणि खिशात चिल्लर, हे मान्य. पण मग जमा फुगवायची कशाला? सगळी जुनी थकबाकी यंदा वसूल होणार असं धरलंय. गेल्या वर्षी पण तसंच धरलेलं, आणि त्या कापलेल्या कॉलममध्ये बघितलं तर निम्मी पण आली नव्हती! त्या न येणाऱ्या पैशावर रस्ते मांडलेत, त्यातला आमच्या गल्लीचा रस्ता तर गेल्या बजेटमध्ये पण होता, नाव तेच, लांबी तीच.

काटछाट कुठं केली तर दिवाबत्ती दुरुस्ती साहित्य आणि गटार सफाईत. सत्कार, मंडप, स्वागत या ओळीला हात नाही. आमच्या दारातला खांब दिवाळीपासून बंद आहे, आई ओट्यावरचा बल्ब रात्रभर चालू ठेवती कारण समोर चेंबरचं झाकण नाही. मी लाईटबिल बघून ओरडलो तर म्हणती, "कुणीतरी पडलं म्हणजे तू येणारैस का सोलापूरहून?" म्हणजे गल्लीची दिवाबत्ती आमच्याच मीटरवर चाललीय.

शास्तीचा, म्हणजे उशिराच्या दंडाचा, पण विषय घ्या. घरपट्टी थकवली तर महिन्याला 2 टक्के, माझ्या बिलावर 46-47 रुपये होतात, ठीक आहे, नियम आहे. पण मग अभय योजना आणतात आणि ज्यांनी वर्षानुवर्षं भरली नाही त्यांची शास्ती माफ, आम्ही हप्त्यातनं काढून वेळेवर भरणारे येडेच की. गाळेभाड्याची थकबाकी कुणाची किती हे तर कुठंच नाही, नुसती एक बेरीज, आणि ते गाळे कुणाकडं आहेत गावात सगळ्यांना माहितीय.

चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता बोंबलतोय. दिव्यांगांसाठी राखायचे 5 टक्के वेगळे दाखवलेत आणि गेल्या वर्षीचे खर्च पण झालेत, पलीकडच्या गल्लीतल्या एकाच्या खात्यावर जमा झाल्याचं आईला माहीत होतं. एक स्टार त्याचा. एक करवाढ नाही केली त्याचा, आणि अर्धा क्लार्कसाहेबांचा.

पुढच्या वर्षी परत घेणार. फक्त आधी काउंटरवरच उलटून तो कॉलम पूर्ण आहे का बघणार, मग पैसे.